टेसाला शोधून आणलं तो शुक्रवार

शुक्रवारी सकाळी माझी सून टेसा हॅटीला माझ्याकडे सोडून कपडे धुवायला गेली. त्यांचं मशीन बिघडलेलं, आणि आमच्या गावातल्या धुलाईच्या दुकानात निम्मी मशीनं बंद, म्हणून पुलापलीकडे जाते म्हणाली. हॅटी तीन महिन्यांची. निघण्यापूर्वी टेसानं माझ्याच सोफ्यावर बसून तिला पोटभर पाजलं, झोपवलं आणि म्हणाली, "ही उठायच्या आत येते मी."

हॅटी उठली, टेसा आली नाही.

पहिल्यांदा मी रागावले, काळजी नंतर. ही पोर वरचं दूध घेत नाही. बाटली तोंडाशी नेली की मान फिरवते, ओठ मिटून घेते, जणू आपण तिला विष देतोय. मी तिला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून परत आत अशा फेऱ्या मारत होते आणि एका हातानं टेसाला फोन लावत होते. आधी घंटी वाजायची. मग तीही वाजेना, थेट तो रेकॉर्ड केलेला आवाज यायला लागला. माझा मुलगा रॉयस बार्ज, म्हणजे मालाचे तराफे, ओढणाऱ्या बोटीवर काम करतो, महिना महिना नदीवर असतो. त्याच्या कंपनीच्या ऑफिसात निरोप ठेवला. दवाखान्यात फोन केला. अपघाताची बाई कुणी आलेली नाही म्हणाले.

मग माझ्या मनात जे आलं ते आमच्या टिल्सन काउंटीतल्या कुणाच्याही मनात आलं असतं. टेसा सहा वर्षांची असताना तिची आई पाव आणायला म्हणून बाहेर पडली ती आजतागायत आलेली नाही. गावात टेसाचं नाव निघालं की ही गोष्ट निघतेच. आणि टेसाही गेले काही आठवडे गप्पगप्प असायची. नवरा नदीवर, घरात एकटी, रात्रभर रडणारं पोर. मी व्हरांड्यात उभी राहून रस्त्याकडे पाहत होते आणि ती कुठल्या दिशेनं गेली असेल याचा विचार करत होते. ती कुठे अडकली असेल हा विचार मला सुचलाच नाही.

दुपारी एक ट्रक माझ्या अंगणात शिरला. मागच्या पिंजऱ्यात दोन शिकारी कुत्रे भुंकत होते. टेसाचे वडील, व्हर्नल स्टिडम. लग्नाच्या दिवसापासून आमचं बोलणं बंद होतं. चर्चच्या दारात उभं राहून त्यांनी माझ्या मुलाबद्दल चारचौघांत म्हटलं होतं, की बोटीवरचा माणूस म्हणजे आपल्याच घरी पाहुणा. मीही तेव्हा गप्प बसले नव्हते.

ते ट्रकमधून उतरले, टोपी काढली. "आर्डिथबाई, टेसा आहे का इथं?"

"मी तुम्हालाच विचारणार होते."

"मग ती खरंच आत आहे," ते म्हणाले आणि व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसले.

"आत म्हणजे कुठं?"

"तुरुंगात. कुठल्या ते कळलं नाही. सकाळपासून फोन येत होता. मशीनचा आवाज. मला वाटलं, कुणीतरी विमा विकतंय. दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा मध्येच टेसाचा आवाज आला, नुसतं नाव, 'टेसा' एवढंच. मग परत ते मशीन म्हणायला लागलं, तुरुंगातल्या व्यक्तीचा फोन आहे, घ्यायचा असेल तर हे दाबा, कार्डाचा नंबर सांगा. मी दाबलं काहीतरी. फोन बंद झाला."

"कुठला तुरुंग ते सांगितलं असेल ना त्यानं."

"सांगितलं असेल. मला या कानानं येत नाही ऐकू."

"मग दुसऱ्या कानाला लावायचा फोन."

"आर्डिथबाई, मला बोलून घ्या नंतर. आत्ता चला."

तिचा फोन काढून घेतला असणार. पाठ असलेला नंबर एकच, बापाच्या घरचा, लहानपणापासून तोच. म्हणून माझ्याकडे फोन आला नाही. हे मला कळलं तसा माझा राग कुठे गेला ते कळेना. कुत्र्यांना अंगणातल्या झाडाखाली बांधलं, पाणी ठेवलं. माझ्या गाडीत हॅटीसाठी बाळाची दुसरी खुर्ची बसवलेली होती. व्हर्नलनी गाडी चालवायला घेतली, मी मागे हॅटीजवळ बसले. अंगणातून बाहेर पडेपर्यंत पोर रडून लाल झाली होती.

आमचा तुरुंग कोर्टाच्या मागेच आहे. बाहेरून पोस्ट ऑफिससारखा दिसतो. जाड काचेच्या मागे एक तरुण हवालदार बसला होता, काहीतरी खात होता. मी टेसाचं नाव सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप केलं.

"नाही इथं."

"नीट बघा. क्लॅबो. टेसा क्लॅबो. माहेरचं नाव स्टिडम."

"बाई, नाही म्हटलं ना. इथं नाही."

"मग कुठं असेल?"

"कुठं पकडलं?"

"ते माहीत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?" व्हर्नल म्हणाले.

हवालदारानं खांदे उडवले. "पुलापलीकडे गेली असेल तर त्या काउंटीत विचारा."

आम्ही पुलापलीकडे गेलो. वाटेत हॅटीचं रडणं बदललं. आधी ते रागाचं होतं, आता बारीक, कंटाळलेलं झालं. मी बाटलीचं बूच काढून चमच्यानं थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत होते. थोडं आत जायचं, बाकी हनुवटीवरून गळ्यात. व्हर्नल आरशातून सारखे मागे पाहत होते.

"रस्त्याकडे बघा," मी म्हटलं.

"पिल्लांना मी ड्रॉपरनं पाजतो. आई मेली की."

"हिची आई मेलेली नाही."

मी उगाच बोलले असं वाटलं, पण बोलून झालं होतं.

पलीकडच्या तुरुंगात एक वयस्क बाई होती खिडकीवर. तिनं हॅटीकडे पाहिलं आणि लगेच उठून मागे कुणाशी तरी बोलून आली. "होती सकाळी. मागचा दिवा लागत नव्हता म्हणून गस्तीवाल्यानं गाडी थांबवली. नाव टाकलं तर वॉरंट निघालं तिच्या नावावर."

"कसलं वॉरंट?"

"कोर्टाच्या तारखेला हजर नाही. विम्याचा कागद गाडीत नव्हता, त्याची तारीख."

"कुठल्या कोर्टाची?"

"टिल्सन. तुमच्याच. तुमच्या शेरीफची माणसं येऊन घेऊन गेली तिला. अकराच्या सुमाराला."

व्हर्नलनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्ही तिथूनच आलोय," मी म्हटलं.

"मग परत तिथंच जा," ती म्हणाली, आणि काचेखालच्या फटीतून तिनं एक कागदी रुमाल सरकवला, कारण हॅटीच्या गळ्यापाशी सगळं दूध सांडलेलं होतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "तो दिवा तुमच्याच गाडीचा. तुम्हीच दिलीत तिला ती गाडी."

"दिली तेव्हा लागत होता."

"आणि तारीख कधीची होती ठाऊक आहे? मला ठाऊक आहे. ज्या आठवड्यात ही झाली त्या आठवड्यातली. टेसानं माझ्यासमोर दवाखान्यातून कोर्टाच्या ऑफिसात फोन केला होता. कुणीतरी म्हणालं, ठीक आहे, बघतो."

"बघितलं त्यांनी," व्हर्नल म्हणाले.

पुन्हा तीच काच, तोच हवालदार. मघाशी खात होता ते संपलं होतं.

"टेसा क्लॅबोला तुमचीच माणसं घेऊन आलीत," मी म्हटलं.

"हो, आणली होती."

"मघाशी नाही म्हणालात."

"तुम्ही विचारलंत, इथं आहे का. इथं नाही. आमच्या बायकांच्या कोठडीचं छत गळतंय. बायकांना आम्ही हॅस्केटच्या तुरुंगात पाठवतो ठेवायला."

व्हर्नल काचेला जवळजवळ नाक लावून उभे राहिले. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार आणि आम्हाला दोघांनाही आतच जागा करून देणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "पोरा, तुला आई आहे का?"

"आहे."

"तिला कुणी शोधायला आलं, तर असंच सांग."

हवालदाराचे कान लाल झाले. मग मात्र त्यानं पटापट सांगितलं. वॉरंटवरच जामिनाची रक्कम लिहिलेली आहे; सगळी भरा नाहीतर समोरच्या प्रूटबाईंकडून जामीन लिहून घ्या; कागद हॅस्केटला पोचला की सोडतील. आणि आज शुक्रवार. आज नाही झालं तर सोमवारी.

"सोमवारपर्यंत ही पोर काय खाईल?" मी विचारलं. त्यानं काचेतूनच समोरच्या प्रूटबाईंच्या दाराकडे बोट केलं.

नेल्डा प्रूटचं ऑफिस पूर्वी केस कापायचं दुकान होतं. केस वाळवायच्या टोपांच्या खुर्च्या अजून भिंतीशी आहेत, गिऱ्हाइकं त्यांतच बसतात. नेल्डा माझ्यापेक्षा थोडी लहान, मोज्यांच्या गिरणीत मी शिलाईवर होते तेव्हा ती पॅकिंगमध्ये होती. गिरणी बंद पडली, मी घरी बसले, ती या धंद्यात शिरली. जामीन लिहून द्यायचा, दहावा हिस्सा आपण ठेवायचा, माणूस तारखेला आला नाही तर कोर्टाला सगळं भरायचं. म्हणून माणूस येणार की नाही हे ओळखणं हाच तिचा धंदा.

तिनं दहावा हिस्सा सांगितला. व्हर्नलनी खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले, उरलेले मी घातले.

"आता जामीनदार," नेल्डा म्हणाली. "घर आपल्या नावावर असलेला माणूस हवा."

"माझा ट्रक आहे," व्हर्नल म्हणाले. "जमीन भाड्याची आहे. दोन कुत्रे आहेत, त्यातल्या कुत्रीला शर्यतीत—"

"व्हर्नल, मी कुत्री घेत नाही. एकदा घेतली होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आर्डिथ, घर तुझ्या नावावर आहे."

"आहे."

"मुलगी तारखेला आली नाही तर मी तुझ्या दाराशी येईन. मला आवडणार नाही, पण येईन."

"कळलं."

"येईल का ती?"

टेबलावर पंखा फिरत होता. हॅटी माझ्या खांद्यावर थकून हुंदके देत होती, मध्येच थांबायची आणि परत सुरू. नेल्डानं प्रश्न मला विचारला होता, पण ती व्हर्नलकडेही पाहत होती, आणि व्हर्नल खिडकीबाहेर. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्या खोलीत आमच्याबरोबर खुर्चीत येऊन बसली होती. व्हर्नलच्या मानेची शीर उडत होती. हा माणूस आपल्या मुलीबद्दल 'हो, येईल' म्हणू शकत नाही असं नव्हतं. आपल्या म्हणण्याला इथं काही वजन नाही हे त्याला माहीत होतं. एकदा तो असाच कुणाची तरी वाट पाहत बसला होता आणि साऱ्या गावानं ते पाहिलं होतं.

मी म्हणू शकले असते, की टेसा तशी नाही. पण सकाळभर मी व्हरांड्यात उभी राहून दुसरंच काहीतरी मनात धरलं होतं. नेल्डाला खोटं कळतं.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "माणसाचं कुणाला ठाऊक असतं? तू माझं नाव घाल."

नेल्डानं क्षणभर पेन धरून ठेवलं. "बहुतेक सासवा म्हणतात, ती देवासारखी आहे."

"देवासारखी नाही ती. माझी भांडी चुकीच्या कपाटात लावते. घाल नाव."

मी सही केली तेव्हा व्हर्नल बाहेर गेले होते. मी बाहेर आले तर ते गाडीच्या मागच्या दाराशी उभे होते, दार उघडून धरून. आयुष्यात कुणी माझ्यासाठी दार उघडून धरलेलं मला आठवत नाही; माझा नवरा भला होता, पण असल्या गोष्टी त्याला सुचायच्या नाहीत.

हॅस्केटचा रस्ता डोंगरातून जातो, वळणावळणांचा. हॅटी त्या वळणांवर झोपली, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. ती झोप भुकेची होती. मी तिच्या नाकाशी बोट धरून बघत होते. तोंड कोरडं पडलं होतं. व्हर्नलनी वाटेत एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि माझ्यासाठी गोड चहा आणि खारी बिस्किटं घेऊन आले. मी म्हटलं, मला नको. ते म्हणाले, "तुम्ही पडलात तर मी दोघींना कसा सांभाळू?" मग मी खाल्लं.

हॅस्केटचा तुरुंग नवा आहे, मोठा, गावाबाहेर मोकळ्या माळावर. आजूबाजूच्या काउंट्यांची माणसं भाडं घेऊन ठेवतात, त्यावरच चालतो म्हणतात. आत बसायच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या. खिडकीवरच्या बाईनं टेसाचं नाव तपासलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, "हो. आहे."

मला तिथंच रडू फुटलं असतं.

"पण सोडायचा कागद आलेला नाही," ती म्हणाली.

व्हर्नलनी नेल्डाला फोन लावला. नेल्डा म्हणाली, केव्हाच पाठवला. खिडकीवरची बाई म्हणाली, आला नाही. नेल्डा म्हणाली, परत पाठवते. बाई म्हणाली, आला की नाव पुकारू, बसा. व्हर्नल बसले नाहीत. ते दारापासून पाण्याच्या नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. नळाला पाणी नव्हतं. प्रत्येक फेरीला ते बटण दाबून बघत होते.

हॅटी जागी झाली. तिनं रडायला तोंड उघडलं, पण आवाज नीट निघेना. मी बाटली काढली, चमचा काढला, ती ठसकली, दूध नाकात गेलं. मी तिला पालथी करून पाठ थोपटत होते.

समोरच्या खुर्चीत एक बाई बसली होती. तिशीची, अंगानं भरलेली, दुकानातल्या कामाचा निळा कोट घातलेली. तिच्या मांडीवर वर्षभराचा मुलगा झोपला होता. ती बराच वेळ आमच्याकडे पाहत होती आणि मी मुद्दाम तिच्याकडे पाहत नव्हते.

"हिची आई आत आहे ना?" तिनं विचारलं.

"हो."

"अंगावर पिते?"

"फक्त अंगावरच. हेच तर झालंय."

तिनं झोपलेल्या मुलाला शेजारच्या खुर्चीत आडवं केलं, त्याच्या डोक्याखाली आपली पर्स ठेवली. "माझा हा अजून पितो. तुमची हरकत नसेल तर."

ती काय म्हणतेय हे कळायला मला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर मी हॅटीला आणखी घट्ट धरलं. अनोळखी बाई. कुठली, कोण, काय घेते, कसली औषधं, कसलं दुखणं. टेसाला काय वाटेल. आमच्या आईच्या काळी असं चालायचं म्हणतात, पण आईच्या काळी पुष्कळ काय काय चालायचं. टेसा त्याच भिंतीच्या पलीकडे होती, आणि तिला विचारता येत नव्हतं.

"मला काही आजार नाही," ती बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी सिगारेट ओढायचे, याच्या वेळेपासून सोडली. नको असेल तर नको. मला वाईट वाटणार नाही."

व्हर्नल नळापाशी थांबले होते. ते आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले, गुडघे वाजले त्यांचे. "आर्डिथबाई," ते हळू म्हणाले, "पोरीला भूक लागलीय."

मी हॅटीला दिलं.

त्या बाईनं पाठ भिंतीकडे केली, कोट पुढे ओढून घेतला. पहिल्यांदा हॅटीनं मान फिरवली. वास वेगळा. बाई घाई करत नव्हती; गुणगुणत होती, कसलं गाणं ते मला ओळखू आलं नाही. मग ते रडणं मध्येच तुटलं, आणि गिळण्याचा आवाज आला. खोलीत दुसरं कुणी बोलत नव्हतं म्हणून तो ऐकू आला. व्हर्नल परत दाराशी गेले आणि बाहेर माळाकडे तोंड करून उभे राहिले, टोपी डोळ्यांवर ओढून.

तिचं नाव शार्ला. नवरा तीन आठवडे आत होता, भांडणावरून. त्याचा जामीन मोठा होता, दहावा हिस्साही जमत नव्हता. ती कामावरून सुटली की रोज इथं यायची. आज भेटायचा वार नाही हे तिला माहीत होतं. "घरी बसवत नाही," एवढंच म्हणाली. मी तिला काय द्यावं, काय म्हणावं, मला सुचेना. मी तिच्या मुलाच्या अंगावर माझा स्वेटर घातला. तो मुलगा या सगळ्यातही उठला नव्हता.

कागद आला तेव्हा उन्हं कलली होती. नाव पुकारल्यावरही पुष्कळ वेळ काही घडलं नाही; मग एक दार घरघरत उघडलं आणि टेसा बाहेर आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात तिचा फोन आणि बुटांच्या नाड्या. तिचा शर्ट पुढून ओला होता, दोन्ही बाजूंनी, पार पोटापर्यंत. ती हात छातीवर बांधून चालत होती. व्हर्नल पुढे गेले.

"तीनदा फोन केला मी," ती बापाला म्हणाली.

"मला वाटलं—"

"तीनदा, बाबा."

मग तिनं हॅटीला पाहिलं, शार्लाच्या कोटाखाली झोपलेली. ती जागच्या जागी थांबली. मी बोलायला तोंड उघडलं, पण शार्लाच उठली, हॅटीला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जास्त नाही प्यायली. तुझ्यासाठी जागा ठेवलीय तिनं."

टेसानं हॅटीच्या डोक्याला नाक लावलं. मला वाटलं ती चिडेल. तिनं शार्लाकडे नुसतं पाहिलं. शार्लानं तिच्या ओल्या शर्टाकडे पाहून म्हटलं, "जा, आधी गाडीत बस. दुखत असेल."

गाडीत मागच्या सीटवर टेसा हॅटीला पाजत होती. व्हर्नलनी गाडी सुरूच केली नव्हती. पाजून झाल्याशिवाय निघायचं नाही म्हणाले. माळावर वारा होता. तुरुंगाच्या कुंपणाला अडकलेला एक कागद फडफडत होता.

"तुम्हाला काय वाटलं?" टेसानं मला विचारलं. "मी आले नाही तेव्हा."

मी पुढच्या सीटवर होते. मागे वळून न बघताही उत्तर देता आलं असतं. मी वळले.

"मला वाटलं, तू गेलीस."

"आईसारखी."

"हो."

तिनं मान हलवली, जणू मी हवामानाबद्दल काहीतरी सांगितलं होतं. "कोठडीत मलाही तेच वाटत होतं. की तुम्हा सगळ्यांना हेच वाटत असणार. दूध गळत होतं आणि मला तेच आठवत होतं. मी भिंतीवर ठोकलं तर त्यांनी मला कागदी टॉवेल आणून दिले." मग बापाला म्हणाली, "तुम्हालाही वाटलं असेल."

व्हर्नल स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "मला फोन आला होता ना," ते म्हणाले. "तुझा आवाज ऐकला होता मी. मग कसं वाटेल?" आणि थोड्या वेळानं, "आला नसता तर वाटलं असतं."

टेसा हसली की रडली, ते मला कळलं नाही. तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं.

तारखेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन व्हरांड्यात उभी होती. जज्जांनी दवाखान्याचा कागद पाहिला, विम्याचा कागद पाहिला आणि प्रकरण मिटवलं. गाडी उभी करायला जागा शोधण्यात आमचा त्याहून जास्त वेळ गेला होता. मधल्या काळात रॉयस बोटीवरून येऊन गेला, त्यानं आरडाओरडा केला, कुणाकुणावर खटले घालायचं बोलला आणि परत कामावर गेला. टेसानं पुढचे दोन महिने हॅटीला कुणाच्याच हातात दिलं नाही. अंघोळीला जातानाही पाळणा आत घेऊन जायची. माझंही तसंच झालं होतं: कुठलीही गाडी ठरल्यापेक्षा उशिरा आली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते, अजूनही.

तारखेनंतरच्या आठवड्यात मी लोण्याचा मोठा केक केला आणि व्हर्नलना म्हटलं, मला हॅस्केटला घेऊन चला. त्यांनी का ते विचारलं नाही. त्या खोलीत दुसरीच माणसं बसली होती. खिडकीवरच्या बाईला मी शार्लाचं वर्णन सांगितलं, निळा कोट, लहान मुलगा, रोज यायची. ती म्हणाली, तिच्या नवऱ्याला तिथून हलवलं. कुठं, ते नातेवाइकांशिवाय कुणाला सांगता येत नाही. शार्लाचं आडनाव मी विचारलंच नव्हतं.

आम्ही माळावर गाडीत बसून राहिलो. केक माझ्या मांडीवर होता.

"भेटली असती तर काय म्हणणार होतात?" व्हर्नलनी विचारलं.

"ठाऊक नाही. हा दिला असता."

ते तुरुंगाच्या दाराकडे पाहत होते. एक म्हातारं जोडपं आत जात होतं, बाईनं नवऱ्याचा हात धरलेला. दार कुठल्या बाजूनं उघडतं ते त्यांना कळत नव्हतं. व्हर्नल गाडीतून उतरले आणि त्यांना दाखवायला गेले.